डूगलचा रोजचा किल्ट

"हवा लागू द्या, म्हणाली डॉक्टरीणबाई," डूगल रॅट्रेने स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या जाहीर केलं. "मलम दिलंय. पण हवा लागली तरच मलमाचा गुण येणार म्हणे."

"मग लागू दे की," त्याची बायको एली बटाटे सोलता सोलता म्हणाली. "अडवलंय कुणी?"

"या रबरी विजारीतून कशी लागणार?"

प्रश्न रास्त होता. डूगल म्हणजे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या बाल्नाब्रेचा मासळीवाला. पहाटे बंदरावर जायचं, बर्फात पेट्या भरायच्या आणि मग पांढरी गाडी घेऊन गल्लोगल्ली हॅडक मासा विकायचा, हा त्याचा वीस वर्षांचा परिपाठ. हे सगळं ओल्या रबरी विजारीत. शेवटी मांड्यांनी बंड पुकारलं आणि असं काही पुरळ उठलं की बिचारा पाय फाकवून चालायला लागला.

"मग किल्ट घाल," एली सहज बोलून गेली. आणि बोलल्यावर तिच्या हातातली सुरी थांबली. दोघांनीही एकदम वर छताकडे पाहिलं. वरच्या खोलीतल्या कपाटात तो किल्ट टांगलेला होता.

किल्ट म्हणजे आमच्याकडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, पण तो किल्ट म्हणजे साधं प्रकरण नव्हे. एलीच्या आई, एफीबाई कारगिल, वय वर्षं चौऱ्याऐंशी, या आमच्या गावच्या किल्टवाल्या. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी खिडकीपाशी बसून हाताने किल्ट शिवले. आठ वार लोकर, मशीनचा एक टाका नाही, आणि मागच्या निऱ्या अशा बसवायच्या की कापडावरच्या चौकटीला चौकट मिळालीच पाहिजे. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या कमरा त्यांनी मोजलेल्या. कुणाची कमर कोणत्या साली किती होती आणि आता किती असेल, हे त्यांना तोंडपाठ. एकोणीस वर्षांपूर्वी एलीच्या लग्नात त्यांनी जावयासाठी किल्ट शिवला तेव्हा हात थरथरायला लागले होते. एरवी दोन आठवड्यांचं काम, त्याला अख्खा हिवाळा लागला. तो शिवून झाला आणि त्यांनी सुई डबीत ठेवली ती कायमची. एफीबाईंचा शेवटचा किल्ट डूगलकडे आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

गावाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की तो डूगलला गेली नऊ वर्षं होत नव्हता. श्वास रोखून, एलीने मागून गुडघा लावूनसुद्धा बक्कल लागत नव्हतं. हे सासूबाईंना सांगायची डूगलची छाती झाली नाही. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्याचं आयतंच फावलं. मागच्या दोन मयतांना तो चक्क काळी विजार घालून चर्चमध्ये त्यांच्याशेजारी बसला आणि घरी येऊन म्हणाला, "तुमचाच घातला होता, आई." एफीबाई धूसर डोळ्यांनी त्याच्या दिशेने बघत म्हणाल्या होत्या, "बसतोय ना नीट?" "अगदी अंगाबरोबर," डूगल म्हणाला होता. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं. तसा माणूस भला आहे, फक्त सासूपुढे भित्रा आहे.

"दुसरा घे एखादा," एली हळूच म्हणाली. "स्वस्तातला. मासळीच्या गाडीवर काय आठ वार लोकर घालून फिरायचंय?"

"आणि आईंनी पाहिला तर?"

"पाहिला तर कळेलच तिला, की तिचा तू घालत नाहीस. काळीज तुटेल रे तिचं." एलीने पुढचा बटाटा उचलला. "पण तिला दिसतंय कुठे? डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तोवर तुझं पुरळ बरं होईल. मग दे टाकून."

शनिवारी दोघं डंडी शहरात गेली. दुकानातल्या जांभळ्या केसांच्या पोरीने डूगलला आपादमस्तक न्याहाळलं आणि हसून विचारलं, "कुणाचं लग्न?"

"कुणाचं नाही."

तिचा चेहरा पडला. "अरेरे. मग कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही, बाई. मासे विकायचेत."

पोरगी हे ऐकून अशी खुलली, की तिला रोज येणाऱ्या नवरदेवांचा अगदी कंटाळा आला असावा. तिने टेप काढली.

"कमर अडतीस," डूगलने सांगून टाकलं.

"ती विजारीची. विजार तुम्ही पोटाखाली घालता, किल्ट बेंबीवर बसतो." तिने टेप गुंडाळली. "त्रेचाळीस."

"टेप जुनी असेल."

"कालच आणलीय," पोरगी म्हणाली, आणि एलीने तोंड फिरवून खिडकीतून बाहेर पाहिलं.

आधी एक लालभडक चौकटींचा निघाला. डूगलने विचारलं, "या चौकटी कुठल्या घराण्याच्या?" पोरगी म्हणाली, "कारखान्याच्या." आमच्याकडे चौकटीवरून घराणं ओळखतात, त्यामुळे तो लगेच बाद झाला, उगाच गावात सात जणांनी सात घराणी काढली असती. मग एक लष्करी ठिपक्यांचा, आठ खिशांचा. तो घालून डूगल आरशापुढे उभा राहिला तेव्हा एली म्हणाली, "हॅडकवर चाल करून निघालायस काय?" तोही गेला. शेवटी पोरीने कोळशासारखा करडा, बिनचौकटींचा एक काढला. पाच वार, मिश्र धाग्याचा, मशीनमध्ये धुवा, दोरीवर टाका, तासाभरात वाळतो. सुट्या नाण्यांना आत दोन चोरखिसे. किंमत चौतीस पौंड.

"गुडघ्यांवर बसा," पोरीने हुकूम सोडला. डूगल बसला. कड जमिनीपासून इंचभर वर राहिली. "बेतशीर आहे. आता उठा आणि एक गिरकी घ्या."

डूगलने लाजत गिरकी घेतली. मागच्या निऱ्या उघडल्या, डोलल्या आणि परत आपापल्या जागी येऊन बसल्या. चौतीस पौंडात कुणी याहून काय मागावं? पायांना वारा लागला, खांदे आपोआप मागे गेले, मान ताठ झाली. विजारीत जो मासळीवाला होता, तो किल्टमध्ये कुणीतरी असामी दिसायला लागला.

"बरा दिसतोस रे," एली म्हणाली. हा सूर डूगलने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. त्याने तो किल्ट अंगावरून उतरवलाच नाही. जुनी विजार पिशवीत घातली आणि ऐटीत बाहेर पडला.

घरी पोचतात तो फोन वाजला. इस्पितळातून होता. कुणीतरी नाव मागे घेतलं होतं, जागा रिकामी झाली होती. एफीबाईंना सोमवारीच घेऊन या, उजवा डोळा करून टाकू.

डूगलची पाचावर धारण बसली. "म्हणजे मंगळवारी दिसायला लागणार त्यांना?"

"स्वच्छ. मी आठवडाभर तिकडेच राहते," एली म्हणाली. "आणि हे बघ, तुझं हे कापड घेऊन आईच्या गल्लीत पाऊल टाकू नकोस. यायचं असेल तेव्हा गाडीत विजार बदलून ये. आणि बेकरीतल्या टॅमकडे स्टेक पाईची ऑर्डर दे, बारा माणसांची. गुरुवारी एक वाजता ॲबर्डीनची मावशी सगळं खटलं घेऊन आईला बघायला येतेय."

आता इथे आमच्या गावच्या रीतीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. बाल्नाब्रेत पुरुषमाणूस किल्ट घालतो तो लग्नाला, नाहीतर मयताला. फुटबॉलचा मोठा सामना असला तर तरणी पोरं घालतात, ती गोष्ट वेगळी. लग्न असेल तर गावाला सहा महिने आधी बातमी असते. तेव्हा सामना नाही, लग्न नाही आणि आठवड्याच्या मधल्या वारी एखादा माणूस करडा किल्ट आणि काळं स्वेटर घालून फिरतोय, म्हणजे त्याच्या घरचं कुणीतरी गेलंय. दुसरी रीत अशी, की अशा वेळी आम्ही विचारत नाही. घरचे सांगतील तेव्हा सांगतील. त्यांना छेडायचं नाही. तोवर आपलं आपण समजून घ्यायचं. समजून घेण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

सोमवारी सकाळी डूगलच्या गाडीपाशी पहिली आली इना डफस, वर्तमानपत्रांच्या दुकानाची मालकीण. तिने किल्ट पाहिला, काळं स्वेटर पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. इनाने तोंड उघडून शब्द न काढता मिटलं, ही गावाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट.

"तीन दे," ती हळू आवाजात म्हणाली. एरवी ती एकच हॅडक घ्यायची आणि तोही उलटून पालटून बघून. डूगल सुटे पैसे मोजायला लागला तसा तिने त्याचा हात दाबला. "राहू दे रे, राहू दे."

डूगल बघतच राहिला. पुढे बेकरीत टॅम गेडिसला त्याने ऑर्डर दिली. "बारा माणसांची स्टेक पाई. गुरुवारी, एक वाजता."

आता लग्नाला काय वाट्टेल ते खातात, पण मयतानंतर आमच्याकडे ही मांस भरलेली स्टेक पाईच. टॅमने काउंटरवरून दोन्ही पिठाळ हात पुढे करून डूगलचा हात घट्ट धरला. "बाराने काय होतंय?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी चाळीसची करतो. जास्तीची माझ्याकडून."

"अरे, चाळीस कशाला?"

"तू बोलू नकोस," टॅम म्हणाला आणि आत जाऊन त्याने नाक शिंकरलं.

तीच तऱ्हा दिवसभर. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी दोन हॅडकांचे चार घेतले. चौऱ्याऐंशी वर्षांचे मंगो ग्रीव, आमचे निवृत्त हवालदार, जे कधी कुणाला मान तुकवत नाहीत, त्यांनी गाडी जाताना बघून टोपी काढली आणि ती छातीशी धरून उभे राहिले. दुपारपर्यंत पेट्या रिकाम्या झाल्या. डूगलने आनंदाच्या भरात एलीला फोन लावला.

"एली, किल्टमध्ये जादू आहे! लोक मला लॉर्डासारखं वागवतायत. मंगोने टोपी काढली!"

"मंगोने? तुला?"

"मला नव्हे गं, किल्टला! मी काय म्हणतो, एक निळाही घेऊन टाकू या."

"आईच्या डोळ्यात थेंब घालायचेत," एली म्हणाली. "फोन ठेव."

ऑपरेशन छान झालं होतं. फक्त चारआठ दिवस उजेड सोसणार नाही, पडदे ओढून ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे सोमवारी दुपारीच एफीबाईंच्या घराचे रस्त्यावरचे सगळे पडदे ओढले गेले. आमच्याकडे भर दिवसा घराचे पडदे ओढतात ते घरात मयत असेल तेव्हाच. समोरच राहणाऱ्या इनाने ते पाहिलं. गेलेलं माणूस कोण, एवढंच काय ते गावाला कळायचं राहिलं होतं, तेही कळलं.

मंगळवारी उरलासुरला संशय फिटला. वीस वर्षं दर मंगळवारी डूगलची गाडी एफीबाईंच्या दारात थांबायची आणि त्यांना दोन तुकडे हॅडक द्यायची. त्या मंगळवारी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, थबकली आणि खाली मान घातलेला डूगल तशीच पुढे घेऊन गेला. त्याला खिडकीची भीती वाटत होती. इनाने हे पाहिलं आणि ती दुकानात जाऊन मनसोक्त रडली. रडून झाल्यावर तिने नऊ घरी फोन केले.

पाद्रीणबाईंना विचारता आलं असतं, पण त्या सुट्टी घेऊन ग्रीसला गेल्या होत्या. एलीला फोन करावा तर तिच्यावर आभाळ कोसळलेलं. गावाने ठरवलं, घरच्यांना गाजावाजा नको दिसतोय, तर नको. आपण फक्त गुरुवारी एक वाजता गल्लीत उभं राहायचं. शेवटचा निरोप द्यायचा आणि परत यायचं.

पण बुधवारी बेकरीत दोरीवरून वाजलंच. शवपेटी खड्ड्यात उतरवतात ती आठ दोऱ्यांनी, आणि जवळच्या आठ जणांना एकेक दोरी धरायचा मान असतो. घरून नंबर लिहिलेली चिठ्ठी येते. ती अजून कुणालाच आली नव्हती.

"पहिली दोरी डूगलची. दुसरी माझी," मंगो म्हणाले. "पहिलीपासून एका बाकावर होतो आम्ही."

"बाकावर तर अख्खी शाळा होती," टॅम म्हणाला. "माझा किल्ट बघा तिने शिवलेला. माझ्या बापाचाही तिनेच शिवला. दोन पिढ्या झाल्या."

"अरे, किल्ट काय, सगळ्यांचेच तिने शिवलेत!"

हे वाक्य कुणीतरी असंच भांडणाच्या ओघात बोललं, आणि भांडण तिथेच थांबलं. मग ठरलं, की दोरी मिळो न मिळो, उद्या ज्याच्याकडे एफीचा किल्ट आहे त्याने तोच घालून यायचं. बाकी काही करता येत नाही, एवढं तरी करू. त्या रात्री गावात कपाटं उघडली, डांबराच्या गोळ्या झटकल्या गेल्या, बायकांनी बक्कलं सरकवली. भलीभली माणसं पोट आत घेऊन आरशापुढे उभी राहिली.

गुरुवारी पाऊण वाजता डूगल पाई घ्यायला बेकरीत गेला तर बेकरी बंद. पाटी नाही, काही नाही. वर्तमानपत्रांचं दुकान बंद. रस्त्यावर कुत्रं नाही. "पाई पोचवली असेल," असं म्हणत त्याने गाडी सासूबाईंच्या गल्लीकडे वळवली. कोपऱ्यावर थांबून विजार बदलायची होती. विजार हातात घेतली आणि समोर पाहिलं.

एफीबाईंच्या दारासमोर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, आपापले ठेवणीतले किल्ट घातलेले तीस-एकतीस पुरुष खाली मान घालून उभे होते. त्यांच्यामागे काळ्या कोटातल्या बायका, हातात सुपाची पातेली. टॅमने चाळीस माणसांची पाई दोन्ही हातांवर पेलली होती. शाळामास्तर छातीशी बॅगपाईप धरून उभा होता. खिडक्यांचे पडदे ओढलेले.

डूगलही बाल्नाब्रेचाच. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने जे पाहिलं त्याचा त्याच्या लेखी एकच अर्थ होता.

"आई!" तो ओरडला. विजार हातातून गळून पडली. गाडीचं दार उघडं टाकून तो त्या दोन रांगांच्या मधून धावत सुटला, करड्या किल्टच्या निऱ्या उधळत, रडत. त्याला बघून बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. "आई, मी सांगायला हवं होतं हो! नऊ वर्षं खोटं बोललो! आई!"

तो दार ढकलून आत घुसला. एफीबाई आरामखुर्चीत बसून ॲबर्डीनच्या बहिणीची वाट बघत होत्या. त्यांनी काळा चष्मा वर केला.

"काय रे, भूत पाहिल्यासारखं करतोस?" त्या म्हणाल्या.

डूगलने त्यांचे गुडघे धरले आणि तो आणखीच मोठ्याने रडायला लागला. एली आतून थेंबांची बाटली घेऊन धावत आली. नवऱ्याच्या अंगावरचं कापड बघून तिने डोळे मिटून घेतले. पण आता मिटून काय उपयोग? बघायचे ते डोळे उघडेच होते. एफीबाईंनी नव्या नजरेने वरून खालपर्यंत पाहिलं, दोन बोटांत त्या किल्टची कड धरली आणि सोडून दिली.

नेमक्या त्याच वेळी बाहेर शाळामास्तराने पाईपवर शोकगीत सुरू केलं.

"हे कुणासाठी?" एफीबाईंनी विचारलं. त्या उठल्या, काठी घेतली आणि दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

पाईपमधून एक लांबलचक विव्हळता सूर निघाला आणि हवा संपली. टॅमच्या हातातली पाई कलली, ती इनाने सावरली. मंगोंच्या हातून टोपी पडली आणि उचलायला कुणी वाकलं नाही.

एफीबाईंनी एकदा डावी रांग पाहिली, एकदा उजवी. मग त्यांनी काळा चष्मा काढून एलीच्या हातात दिला.

"डोळ्याला उजेड लागेल, आई!"

"लागू दे."

त्या रस्त्यावर उतरल्या. डाव्या रांगेच्या टोकापासून त्यांनी सुरुवात केली. "टॅम, वळ. एकोणनव्वद साल. हे बक्कल कुणी सरकवलं?"

"बायकोने."

"दिसतंय. तिला म्हणावं पाव भाज." पुढचा. "तुझ्या बापाचा ना हा? कसर लागलीय बघ. लाज नाही वाटत?" पुढचा. "यावर गरम इस्त्री कुणी फिरवली? ओलं फडकं ठेवायला काय झालं होतं?" एकेक पुरुष शाळेतल्या पोरासारखा वळून पाठ दाखवत होता आणि त्या काठीने कडा उचलून टाके बघत होत्या. ज्या बाईला आम्ही निरोप द्यायला आलो होतो, तिने आमची अशी झडती घेतली, आणि खरं सांगतो, कुणाला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी मंगो. त्यांचा सगळ्यांत जुना, त्र्याहत्तर सालचा. एफीबाई बराच वेळ त्या निऱ्यांकडे बघत राहिल्या. पन्नास वर्षांत एक चौकट हलली नव्हती.

"इतकं चांगलं शिवायचे होय मी?" त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटायचं, हात बरा आहे, एवढंच."

त्यांनी टाक्याटाक्याने शिवलेलं सगळं त्यांच्यासमोर पहिल्यांदाच एका ठिकाणी उभं होतं. एकेक किल्ट खोक्यात घालून त्यांनी दारातून दिला होता आणि तो मग कपाटात गेला होता.

मग त्या वळल्या. दारात डूगल उभा होता.

"जावईबापू, इकडे या."

तो आला. रस्ता एवढा शांत झाला की पाईचा वास ऐकू यावा.

"माझा कुठाय?"

"कपाटात. आई, मला तो नऊ वर्षं..."

"होत नाही. ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"मोतीबिंदू डोळ्याला झाला होता, हाताला नाही. चर्चमध्ये दोनदा माझ्याशेजारी बसलास विजार घालून. लोकर आणि विजार मला चाचपून कळत नाही होय? वाट बघत होते, कधी खरं बोलतोस." त्यांनी काठीने त्याला वळायला लावलं. निऱ्या उघडल्या आणि मिटल्या. "कापड यथातथा. शिलाई मशीनची. पण पडतोय बरा. कामावर किती दिवस घातलास?"

"चार."

"आणि माझा, लग्नापासून?"

डूगलने बोटं मोजली. "अकरा वेळा."

"म्हणजे पुढच्या शनिवारी हा चौतीस पौंडवाला माझ्या पुढे जाईल," एफीबाई म्हणाल्या. किंमतही त्यांनी चाचपूनच ओळखली होती. मग त्या आमच्याकडे वळल्या. "आणि तुमचे? किती वेळा घातलेत?"

सगळ्या माना खाली गेल्या.

"आम्ही जपून ठेवले, एफी," मंगो कसेबसे म्हणाले. "चांगले होते म्हणून."

"जपून? मी किल्ट शिवले, मंगो. मुरांबे नाही घातले! चव्वेचाळीस वर्षं शिवले आणि या खिडकीतून एकाच्याही अंगावर दिसला नाही मला. आज दिसले, तर मी मरायला हवं होतं म्हणे!" त्यांनी डूगलचं मनगट धरलं. "हा एकटा शहाणा निघाला तुमच्यात. कापड असतं घालायला. आणि तुझ्या बापाचं पोट बघूनच मी तुझ्या किल्टमध्ये चार इंच आत सोडलेत, गाढवा. एली उसवेल, तू शिवशील. मी शेजारी बसून सांगेन."

डूगल पुन्हा रडायला लागला. एलीने त्याला खांद्याशी धरलं. तेवढ्यात ॲबर्डीनची मावशी सात माणसं घेऊन गल्लीत शिरली, दोन्ही बाजूंना किल्ट बघून दचकली आणि बहिणीला दारात उभी पाहून तिथेच मट्कन डूगलच्या गाडीच्या पायरीवर बसली. पाई गरम होती. ती रस्त्यावरच कापली.

सोमवारी सकाळी एफीबाईंच्या घराचे पडदे बाजूला झाले. टॅम एकोणनव्वद सालचा किल्ट घालून बेकरीच्या दारात उभा होता आणि त्याला पिठाचे हात पुसत होता. खिडकी उघडली. "टॅम! एप्रन बांध वरून! पाठीवर काठी हाणीन!" एली म्हणते, आईला इतक्या आनंदाने ओरडताना तिने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. समोरून डूगलची गाडी आली, तो करड्या किल्टमध्ये खाली उतरला आणि दोन तुकडे हॅडक घेऊन दाराकडे निघाला.

नऊच्या सुमारास मंगो वर्तमानपत्र आणायला खिडकीवरून गेले. वर्तमानपत्र घेऊन परत आले. मग पुन्हा गेले.

"मंगो," खिडकीतून आवाज आला, "किती वर्तमानपत्रं वाचतोस रे?"

मंगो थांबले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचे कान लाल झालेले आम्ही सगळ्यांनी पाहिले. "नीट दिसतंय ना आता तुला?" त्यांनी विचारलं.

"पुढून दिसतंय. मागून बघू."

आणि आमचे निवृत्त हवालदार भर रस्त्यात, मागची दुधाची गाडी हाताने थांबवून, सावकाश, अगदी पूर्ण वळले. त्र्याहत्तर सालच्या निऱ्या उघडल्या आणि परत मिटल्या.

"हं," एफीबाई म्हणाल्या. "जा आता. उद्या परत ये."